बँकॉकात खाट कुठे घ्यायची?

प्रश्न: ताई, मी २५ वर्षांची आहे, सांगलीत एका खासगी बँकेत नोकरी करते. येत्या एप्रिलमध्ये मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण बँकॉकला चाललो आहोत. दोघींचीही पहिलीच परदेशवारी. आंबेडकर जयंतीची सुटी धरून रजा टाकली आहे. ११ तारखेला पहाटे पाचला मुंबईहून तिथे उतरणार, १७ ला परत. विमानाचं तिकीट सोडून माणशी ३० हजार रुपये बाजूला काढलेत. खाओ सान रोडवर बारा खाटांच्या मिक्स डॉर्ममध्ये, म्हणजे बायका-पुरुषांच्या सामाईक खोलीत, २८० थाई बाटला खाट मिळते आहे आणि रेटिंगही चांगलं दिसतंय. घेऊन टाकावी का? मी शाकाहारी आहे, मैत्रीण अंडं खाते, त्याचं काय करावं? शिवाय बाबांना 'हॉस्टेल' हा शब्दच पटत नाही. "बँकॉकला जायचं आणि वर दहा परक्या माणसांबरोबर एका खोलीत झोपायचं?" असं म्हणून ते पेपर वाचायला लागतात. त्यांना हॉटेल आहे असंच सांगून टाकू का?
– सांगलीची एक वाचक

उत्तर: ती खाट घेऊ नकोस. हॉस्टेल वाईट असेल असं मी म्हणत नाही, रेटिंग खरंही असेल. पण तुझ्या तारखांना ती खाट भलत्या जागी आहे.

१३, १४ आणि १५ एप्रिलला थायलंडात सोंगक्रान असतो, म्हणजे थाई नवं वर्ष. आपल्याकडे वैशाखी आणि विषू असतात तेच हे दिवस. बुद्धमूर्तीला पाणी घालायचं, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओतून आशीर्वाद घ्यायचा, हा त्यातला जुना भाग. २०२३ मध्ये युनेस्कोनं या सणाला आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. रस्त्यावर मात्र तीन दिवस पिचकाऱ्या, बादल्या आणि पाइप. बँकॉकात याचा मोठा धुडगूस होतो तो सिलोम रोडवर आणि खाओ सानवर. तिथे दारातून पाऊल बाहेर टाकलं की चिंब. तुझ्या पाठीवर बॅग आहे, बॅगेत पासपोर्ट आहे, याचं कुणाला काही नसतं. जाऊन दोन तास खेळून यायला ही जागा झकास आहे, जरूर जा, मोबाइल प्लास्टिकच्या पाऊचमध्ये घालून गळ्यात अडकव. पण तिथे झोपायचं म्हणशील तर एरवीसुद्धा त्या रस्त्यावरच्या बारचे स्पीकर मध्यरात्र उलटून गेली तरी समोरासमोर भांडत असतात. सोंगक्रानात तर विचारायलाच नको.

आता हिशेब बघ, तू बँकेतली आहेस. एक बाट अडीच ते तीन रुपयांच्या मधे कुठेतरी असतो. तू तीनच धर, उरले तर आपलेच. म्हणजे तुझ्याकडे दहा हजार बाट आहेत, सहा रात्रींना. मेट्रो स्टेशनजवळची, बायकांच्या डॉर्ममधली बरी खाट त्या आठवड्यात ४५० ते ६०० बाटला जाईल. तुझ्या २८० पेक्षा दोनशेनं जास्त धरली तर सहा रात्रींचे बाराशे बाट वाढले. पण खाओ सानजवळ मेट्रोही नाही आणि स्कायट्रेनही नाही. सुवर्णभूमी विमानतळावरून टॅक्सी केलीस तर मीटर, विमानतळाचा ५० बाट जादा आकार आणि टोल धरून चार-पाचशे होतात, परत जाताना तेवढेच. मधल्या दिवसांत संध्याकाळी पाय बोलायला लागले की एखादी टॅक्सी होतेच, ती शंभर-दीडशेची. दोघींत वाटलं तरी माणशी सात-आठशे बाट गेले. सोंगक्रानात तिथले आजूबाजूचे रस्ते बंद करतात, तेव्हा बॅग घेऊन शेवटचा टप्पा पायीच, तोही भिजत. म्हणजे फरक पूर्ण भरून निघत नाही, चार-पाचशे बाट वरच राहतात. ते झोपेचे म्हणून मांड. सहा रात्रींच्या झोपेला दीड हजार रुपये मला तरी महाग वाटत नाहीत.

दोघी आहात, तर आणखी एक भाव काढून बघ. दोन खाटांचे हजार-अकराशे बाट होत असतील, तर तेवढ्यातच साध्या गेस्ट हाउसमध्ये दोघींची स्वतंत्र खोली मिळते का ते पाहा. बँकॉकात पुष्कळदा मिळते. एकट्या माणसाला डॉर्म स्वस्त पडते हे खरं, दोघांना ती स्वस्त असेलच असं नाही. तरीही पहिल्या परदेशवारीला मी हॉस्टेलच्या बाजूनं आहे. चांगल्या हॉस्टेलच्या काउंटरवर इंग्रजी बोलणारं कुणीतरी असतं आणि 'आज राजवाडा उघडा आहे का', 'ही बोट कुठून सुटते' हे प्रश्न तिथे दिवसातून पन्नासदा विचारले जातात, त्यामुळे उत्तर तोंडावर असतं. स्वस्त गेस्ट हाउसात रात्री दहानंतर खाली फक्त एक झोपलेला वॉचमन भेटण्याची शक्यता जास्त. दोन्ही पानं उघडून शेजारी शेजारी ठेवा आणि काय ते ठरवा.

मग राहायचं कुठे? तुमच्यासाठी मी साम योत आणि वाट मंगकोन (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ) या दोन मेट्रो स्टेशनांच्या आसपासचा भाग निवडला असता. हा चायनाटाऊनचा भाग. निळ्या मेट्रोची लाइन इथे २०१९ मध्ये पोचली, त्याआधी इकडे यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये बसून राहायचं. खाली दुकान आणि वर राहती घरं अशा अरुंद, खोल चिनी इमारती इथे आहेत आणि त्यांतल्या काहींची आता हॉस्टेलं झाली आहेत. विमानतळावरून यायला रस्त्यावर उतरायचं कामच नाही: तळमजल्याखालून सुटणारी एअरपोर्ट रेल्वे पकड, मक्कासनला उतर, पुलावरून चालत फेचबुरी मेट्रो स्टेशन, तिथून सरळ साम योत. दोन्ही तिकिटं मिळून शंभर बाटच्या आत. पहिली गाडी पहाटे साडेपाच-सहाच्या सुमाराला असते आणि इमिग्रेशनची रांग संपेपर्यंत तुम्हाला सहा वाजणारच आहेत.

साम योतच्या पुढचंच स्टेशन सनम चाय. बाहेर पडलं की वाट फो पाच-सात मिनिटांवर, आडव्या बुद्धाचं मंदिर. तिथून चालत राजवाडा. समोरच्या काठावर वाट अरुण, तिकडे जायला पाच बाटची होडी आहे. त्याच मेट्रोनं उलट्या दिशेला गेलीस की लुंफिनी बाग, जिथल्या तळ्यात दीड-दोन मीटर लांबीच्या घोरपडी निवांत पोहत असतात आणि लोक त्यांच्या शेजारून जॉगिंग करतात. शाकाहारी माणसाला साम योत सोयीचं का, ते जेवणाकडे आलो की सांगते.

तिथे मनासारखं नाहीच मिळालं तर फाया थाई आणि राचथेवी ही स्टेशनं बघ. एअरपोर्ट रेल्वेचं शेवटचं स्टेशन फाया थाई, पुढे स्कायट्रेन. जुनं शहर लांब पडतं, बाकी सोय उत्तम. सुखुमवितवर नाना स्टेशनच्या जवळचं आणि सिलोममध्ये पाटपोंगला खेटून असलेलं घेऊ नकोस. राहायला तिथे धोका आहे असं नाही. पण बँकॉकचं जे नाव आपल्याकडे डोळे मिचकावून घेतलं जातं, ते या गल्ल्यांमुळे. बाबांनी नकाशावर पत्ता शोधला तर उरलेलं संभाषण तुला करावं लागेल.

नकाशावर स्टेशनपासूनचं अंतर मोजताना आठ मिनिटांच्या वर जाऊ नकोस. एप्रिल हा बँकॉकचा सगळ्यांत तापलेला महिना. सांगलीच्या उन्हाची सवय आहे असं म्हणशील, पण तिथलं ऊन दमट असतं, घाम वाळतच नाही. दुपारी दोनला पंधरा मिनिटं चाललीस की उरलेला दिवस खाटेवर जाईल.

हॉस्टेलचं पान कसं वाचायचं, आता त्याबद्दल. रेटिंगचा आकडा सोड. अभिप्राय 'नवे आधी' असे लावून घे आणि त्यातल्या शोधात ढेकूण, गोंगाट, लॉकर, एसी हे चार शब्द इंग्रजीतून टाकून बघ. मागच्या तीन-चार महिन्यांत दोघांनी जरी ढेकणांबद्दल लिहिलं असेल तर ते पान बंद कर. मालकाचं 'आम्ही तातडीनं उपाय केला' हे उत्तर वाचायला थांबू नकोस. 'पब क्रॉल', 'फ्री शॉट्स', 'इथे खूप मित्र झाले' असं कौतुक दिसलं तर ते पार्टीवालं हॉस्टेल आहे. ते हवं असेल तर चुकीचं काही नाही, पण मग झोपेची तक्रार करायची नाही. एसीची वेळ नक्की बघ. काही जुन्या ठिकाणी एसी संध्याकाळी लावतात आणि सकाळी बंद करतात. एप्रिलमध्ये दुपारी दोन तास पडायला परत आलीस आणि खोलीत नुसता पंखा फिरत असला तर रडू येईल. फोटोत खाटांना पडदा आहे का, वरच्या खाटेला धड जिना आहे की नुसते लोखंडी गज, किती खाटांमागे एक बाथरूम आहे, हेही बघून घे. या चिनी इमारतींत लिफ्ट बहुधा नसते. डॉर्म चौथ्या मजल्यावर निघाली तर तुझी चाकांची बॅग हातात धरूनच वर न्यायची आहे, तेव्हा बॅग त्या मापानंच भर.

बायकांची डॉर्म घे, सहा किंवा आठ खाटांची. मिक्स डॉर्ममध्ये काही भयंकर असतं असं नाही, रोज हजारो मुली राहतात. पण पहिल्या खेपेला रात्री कपडे बदलायला, केस विंचरायला, नुसतं पाय पसरून बसायला मोकळं वाटावं, एवढ्याचसाठी. पन्नासेक बाट जास्त गेले तर जाऊ देत. आणि पैसे भरताना शेवटच्या पानावर नीट नजर टाक. पुष्कळ साइटांवर यादीत दिसणाऱ्या भावात ७ टक्के व्हॅट आणि सेवाशुल्क धरलेलं नसतं, ते खाली हळूच येतं. सोंगक्रानचा आठवडा असल्यामुळे 'तिथे गेल्यावर बघू' म्हणू नकोस, आत्ताच सहाही रात्री एका ठिकाणी घे, मात्र फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग कर. मधे हॉस्टेल बदलायचा मोह टाळ. १४ तारखेला बॅगा घेऊन रस्ता ओलांडणं म्हणजे काय ते तिथे गेल्यावर कळेल.

खाटेवरचं जग छोटं असतं. उशाशी एक दिवा, एक सॉकेट, टॉवेल टाकायला एक दांडा, पायाशी किंवा खाटेखाली लॉकर. लॉकरला कुलूप बहुतेक ठिकाणी आपलंच लावायचं असतं आणि त्याचं भोक बारीक असतं. घरचं जाडजूड कुलूप त्यात शिरत नाही, बॅगेला लावायचं छोटं कुलूपच ने. आपल्या दोन पिनांचे चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, जाड तीन पिनांचे बसत नाहीत. कार्ड-किल्लीसाठी शे-दोनशे बाट अनामत घेतात, जाताना परत देतात. पासपोर्ट बघतील, फोटो काढून घेतील, परदेशी पाहुण्यांची नोंद त्यांना सरकारकडे करावीच लागते. पण पासपोर्टच अनामत म्हणून ठेवून घेतो म्हणाले तर नाही म्हण आणि रोख दे. चपला-बूट खालीच काढायला लावतात, तेव्हा लेसचे बूट नेऊ नकोस, दिवसातून सहा वेळा बांधावे लागतील. संडासात जेट असतो. हा प्रश्न तू पत्रात विचारला नाहीस, पण मनात होता हे मला माहीत आहे.

एक विनंती मात्र समस्त मराठी मुलींच्या वतीनं करते. आपण सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरतो. चटणी एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वर रबर. पहाटे साडेचारला डॉर्ममध्ये त्या पिशव्यांची चुरचुर सुरू झाली की आठ देशांच्या बायका एकाच वेळी कूस बदलतात. उद्याचे कपडे आदल्या रात्रीच कापडी पिशवीत काढून खाटेवर ठेव. लसणाची चटणीही खाटेवर उघडायची नाही, खाली कॉमन रूममध्ये. कपडे बेसिनमध्ये धुऊन खाटेच्या कठड्यावर वाळत घालू नकोस. नाण्यांवर चालणारी वॉशिंग मशिनं गल्लोगल्ली आहेत, दोघींचे कपडे एकत्र टाकले तर खर्चही अर्धा.

पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला हॉस्टेलवर पोचाल आणि खाट मिळेल दुपारी दोनला. बॅगा ठेवून घेतात, पुष्कळ ठिकाणी अंघोळही करू देतात, ई-मेल करून आधी विचारून ठेव. डोळे मिटत असतील, तरी तिथल्या सोफ्यावर पेंगत बसू नकोस. घड्याळ दीड तास पुढे कर आणि चालत पाक ख्लोंग तलातला जा. हा फुलबाजार चोवीस तास चालतो, मोगऱ्याच्या माळा, झेंडूचे ढीग, कमळाच्या कळ्यांच्या जुड्या. तिथून परत येताना फाहुरात. हा भारतीय कापडदुकानांचा मोहल्ला आहे, आणि मधे पांढरा, सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा, श्री गुरु सिंग सभा. सकाळच्या वेळी तिथे लंगर असतो. डोकं झाकायचं, बसायचं, वाढतील ते खायचं आणि ताट उचलून ठेवायचं. पहिल्याच सकाळी डाळ-रोटी मिळालेल्या माणसाला शहर एकदम ओळखीचं वाटायला लागतं. हेच ते साम योतचं कारण. आसपासच्या गल्ल्यांत डोसा, छोले, चहा सगळं आहे. पण सहा दिवस तेच खायला तिकीट काढलेलं नाही, तेव्हा थाई जेवणाचंही सांगते.

बौद्ध देश म्हणजे शाकाहार असं समजू नकोस. तिथे भिक्षूंच्या पात्रातही मांस पडतं. भाजी दिसली तरी त्यात 'नाम प्ला', म्हणजे माशाचं पाणी, नाहीतर कालवांचा सॉस असतोच. तुला हवा तो शब्द 'जे'. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल थाई अक्षरांत तो लिहिलेला असतो. ही चिनी परंपरेतली व्रताच्या जेवणाची दुकानं: मांस, मासे, अंडं, दूध काही नाही, कांदा-लसूणही नाही. तुझी आजी खूश होईल. चायनाटाऊनमध्ये ही दुकानं बऱ्यापैकी आहेत, आणि साध्या भात-भाजीच्या पूर्ण जेवणाचा खर्च ५०-८० बाट. मैत्रिणीला अंड्याचा पॅड थाई, म्हणजे परतलेल्या नूडल्स, कुठेही मिळेल, फक्त त्यात माशाचं पाणी असतं हे तिला सांग आणि तिचं तिला ठरवू दे. सोंगक्रानच्या दिवसांत बँकॉकचे लोक गावी जातात, त्यामुळे छोटी दुकानं बंद असू शकतात. त्या दोन-तीन दिवसांसाठी सांगलीचं भडंग, दाण्याची चटणी आणि गरम पाण्यात होणारे पोहे ने. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये किटली असते. सेव्हन-इलेव्हन तर दर शंभर पावलांवर. फळांच्या गाड्यांवर कापलेला पेरू, अननस, कलिंगड पिशवीत भरून तीसेक बाटला देतात, सोबत तिखट-मीठ-साखरेची पुडी. आणि आंबा! हापूसच्या ऐन महिन्यात तू कोकणाकडे पाठ फिरवून निघाली आहेस, तर तिथला नाम दोक माय आंबा चिकट भात आणि नारळाच्या दुधाबरोबर खा. तुलना करत बसू नकोस, वेगळी गोष्ट आहे म्हणून खा. नळाचं पाणी पिऊ नका.

दिवसाचा खर्च माणशी असा धर: खाट ५००, जेवणखाण ३५०, प्रवास १५०. हजार बाट. सहा दिवसांचे सहा हजार. वर राजवाड्याचं तिकीट ५००, वाट फोचं ३००, वाट अरुणचं २००. राहिलेल्या तीन हजारांत सिमकार्ड, कपडे धुणं, एखादी टॅक्सी आणि खरेदी. म्हणजे तुमचे तीस हजार रुपये पुरतात, आणि २८० च्या खाटेमागे धावायची गरज नव्हतीच. पैसे बदलताना विमानतळावरच्या वरच्या मजल्यांवरचे काउंटर सोडून खाली रेल्वेच्या गेटपाशी ये, तिथे भाव बरा मिळतो. एटीएममधून भारतीय कार्डानं पैसे काढले की दर वेळी २२० बाटच्या आसपास शुल्क कापतात, म्हणून सारखे थोडे थोडे काढू नका.

आता बाबांचं. हॉटेल म्हणून सांगू नकोस. नीतीचं सोड, व्यवहाराचं बघ. तुला तिथे ताप आला, पासपोर्ट हरवला किंवा मोबाइल पाण्यात गेला, तर सांगलीहून फोन करणारा माणूस तोच एक आहे, आणि त्याच्याकडे खरा पत्ता नसेल तर तो कुणाला फोन लावणार? शिवाय सहा दिवस व्हिडिओ कॉल टाळत राहावं लागेल, कारण मागे दुमजली खाट दिसेल. त्या टाळण्यानं त्यांची काळजी दुप्पट होईल.

त्यांच्या डोळ्यांपुढे 'हॉस्टेल' म्हणजे काय आहे ते आधी विचार. बहुधा त्यांच्या कॉलेजातली खोली असेल, किंवा एखाद्या सिनेमातली. शेगावच्या किंवा पंढरपूरच्या भक्तनिवासातल्या मोठ्या खोलीत ते नक्की कधीतरी झोपले असतील: रांगेत गाद्या, अनोळखी कुटुंबं, उशाखाली पाकीट, आणि पहाटे कुणाच्या तरी गजराने सगळ्यांना जाग. त्यांना सांग की हे तेच आहे, फक्त खाटेला पडदा आहे, सामानाला कुलपाचं कपाट आहे, मजल्याचं दार कार्डाशिवाय उघडत नाही आणि खोलीत सगळ्या बायकाच आहेत. मग लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेव आणि अभिप्राय त्यांनाच वाचू दे. रिटायर माणसाला, किंवा त्या वाटेवर असलेल्याला, चौकशी करायचं काम दिलं की तो विरोध विसरून कामाला लागतो. तीन हॉस्टेलं तू निवड आणि त्यांतलं एक त्यांना निवडू दे. हॉस्टेलचा फोन नंबर, विमानाचे क्रमांक आणि थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा ११५५ हा नंबर एका कागदावर लिहून फ्रिजला लाव. रोज रात्री आपल्या नऊला एक मेसेज, हे ठरवून टाक आणि पाळ. तरीही नाही म्हणाले, तर तू २५ वर्षांची आहेस, पैसे तुझे आहेत. शांतपणे सांगून जा, पण सांगून जा.

बाबांच्या नसत्या काळज्यांपेक्षा खऱ्या असलेल्या दोन काळज्या तू घे. राजवाड्याच्या आसपास कुणी नीटनेटका माणूस 'आज बंद आहे, पूजा आहे, चला तोवर टुकटुकनं (तिथल्या रिक्षानं) दुसरं देऊळ दाखवतो' म्हणाला तर हसून पुढे चालत राहा. शेवट रत्नांच्या नाहीतर शिंप्याच्या दुकानात होतो. राजवाडा उघडा आहे की नाही ते गेटवर जाऊनच कळतं, साडेआठला उघडतो, आणि खांदे-गुडघे झाकलेले नसतील तर आत सोडत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात गांजा सापडला, ही बातमी मुंबई विमानतळावरून वारंवार येते. हॉस्टेलात ओळख झालेल्या कुणीही, कितीही गोड माणसानं, 'एवढी चॉकलेटं माझ्या भावाला द्याल का, तो मुंबईत न्यायला येईल' म्हटलं तर नाही म्हणायचं. भारतीय असो, मराठी असो, सांगलीचा असो. तुझी बॅग तूच भर आणि भरल्यावर कुलूप लाव. बँकॉकच्या रस्त्यावर गांजाची दुकानं उघडी दिसतात म्हणून इथला कायदा बदलत नाही.

कागदांचं थोडक्यात: भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय प्रवेश २०२३ च्या नोव्हेंबरपासून मिळू लागला, पण हे नियम मधून मधून बदलतात, म्हणून निघायच्या आधी थाई दूतावासाच्या साइटवर एकदा बघून घे. १ मे २०२५ पासून जुन्या कागदी फॉर्मऐवजी डिजिटल आगमन कार्ड आलं आहे. ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही. त्यात राहण्याचा पत्ता द्यावा लागतो, तिथे हॉस्टेलचाच पत्ता लिही. परतीचं तिकीट आणि बुकिंग छापून हाताशी ठेव, इमिग्रेशनवाले विचारू शकतात. आणि हॉस्टेलचा थाई लिपीतला पत्ता मोबाइलवर फोटो काढून ठेव. टॅक्सीवाल्याला इंग्रजी नकाशा दाखवण्यात पाच मिनिटं जातात, तो फोटो दाखवला की तो मीटर टाकतो. टाकला नाही तर उतरून दुसरी बघा.